वाटीवर नाव घालणार नाही

शिवरामपेठ, मैसूर
मंगळवार, दुकानातूनच

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी धाकट्या गुरुरावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला आहे म्हणून खुर्चीत बसूनच घातला, पण मनाने पूर्ण आडवा झालो आहे.) इकडे आम्ही सर्व ठीक. भावोजींचा खोकला कसा आहे? ज्येष्ठमध चघळायला सांगितलं होतं ते चघळतात, की तुझ्यासमोर तोंडात धरतात आणि तुझी पाठ वळली की कुंडीत टाकतात? तुझी साखर, तुझी कंबर आणि तुझी ती जिन्यातली शेजारीण, तिघी आपापल्या जागी आहेत ना? हुबळीला पाणी रोज येतं का? सौ. मृदुला नमस्कार सांगते. शिवाय या पत्रात पुढे जे काही लिहिलं आहे त्याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही, हेही तिने आवर्जून लिहायला सांगितलं आहे.

आता मुद्दा. तुझा अकरा मिनिटांचा निरोप मोबाइलवर ऐकला. दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा मधेच तुझा कुकर शिटी देत होता. त्यातलं सार असं, की अनुषाच्या सासूबाईंची, म्हणजे तुझ्या विहीणबाईंची, मी माफी मागावी, त्यांच्या वाट्यांवर नावं घालून द्यावीत, आणि हे जमत नसेल तर बाबांच्या दुकानाची किल्ली तुझ्या हर्षच्या हातात ठेवून घरी बसावं. दुकान दोघांचं आहे, तुझा हक्क मी नाकारत नाही. उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हा साठ वर्षांचा अनुभव आहे. कागद मधे तोंड घालत नाही. तेव्हा कागदावरच ऐक. माफी मागणार नाही. नावं घालणार नाही. किल्ली देणार नाही. पत्र खरं तर इथेच संपलं, पण तू एकच बाजू ऐकून निकाल दिला आहेस आणि माझ्याकडे कागद शिल्लक आहे.

तुला माहीत आहे ते दुकान स्टीलच्या भांड्यांचं. जमिनीपासून छतापर्यंत डबे, पराती, तांबे, आणि मधे बसायला जागा उरायची तिथे बाबा. त्यांच्यामागे मीही तीस वर्षं तेच विकलं. दोन वर्षांपूर्वी मी ते सगळं काढलं आणि जपानी सामान मांडलं: वाट्या, ताटल्या, चहाच्या किटल्या, बांबूच्या पळ्या, हात पुसायची निळी फडकी. तेव्हापासून तू इथे पाऊल ठेवलेलं नाहीस. तीनदा मैसूरला आलीस, बोगादीला अनुषाकडे उतरलीस, आणि शिवरामपेठ लागू नये म्हणून रिक्षावाल्याला मुद्दाम वळसा घालायला लावलास. (मला हे त्या रिक्षावाल्यानेच सांगितलं. तो बाबांच्या वेळचं गिऱ्हाईक. त्याच्या घरात आपल्या दुकानच्या दोन कळश्या आहेत.) तू सगळीकडे सांगतेस की गुरुरावाला म्हातारचळ लागला. लागला असेल. पण कसा लागला हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून न विचारता सांगतो.

आमची लेक नव्या जपानात बाळंत झाली तेव्हा आम्ही दोघं तिच्याकडे नागोयाला जाऊन राहिलो होतो. तिथे मृदुलेला बाळ होतं, मला काहीच नव्हतं. बाळ माझ्या हातात दिलं की सगळ्यांचे श्वास अडकायचे, म्हणून मी गल्लीतल्या एका भांड्यांच्या दुकानात जाऊन बसू लागलो. दुकानदारीणबाई माझ्याहून वयस्कर. त्यांना माझी भाषा कळत नव्हती, मला त्यांची. आमचं उत्तम जमलं. त्या एक वाटी उचलायच्या, दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरायच्या आणि मी नीट घेतली आहे हे बघून मगच सोडायच्या. अक्का, मी आयुष्यभर डझनावारी भांडी विकली, पण एकही भांडं असं कुणाच्या हातात दिलं नाही. ठणकन काउंटरवर आपटलं आणि पिशवी मोठी हवी की लहान ते विचारलं. मला त्या दिवशी फार लाज वाटली. आणि त्या वाट्यांचा तो निळा रंग! आपले आजोबा रंगारी. नीळ कालवून त्यांचे हात कोपरापर्यंत निळे झालेले, जेवतानासुद्धा निळेच. त्यांना नुसतं ‘निळा’ म्हटलेलं खपायचं नाही. पहिल्या बुडीचा की तिसऱ्या बुडीचा, उन्हात वाळलेला की ढगात, असं उलट विचारायचे आणि आपण दोघं पळून जायचो. पासष्टी जवळ आल्यावर मला त्यांचा प्रश्न कळला आणि उत्तर द्यायला ते नाहीत. तर आता नव्या तिकडून फोनवर एकेक वस्तू दाखवते आणि मी इथून नको म्हणतो. गेल्या खेपेला चाळीस पेले दाखवले, त्यातले तीन घेतले. शेवटी ती म्हणाली, “अप्पा, साकु, आता पुरे, माझा हात दुखला.” म्हणून माझ्या दुकानात माल थोडा असतो. थोडा आहे तो मुद्दाम थोडा आहे. हर्ष म्हणतो तसं दुकान रिकामं नाही.

गिऱ्हाइकं येतात, तू काळजी करू नकोस. (तू काळजी करत नाहीसच, तरी रीत म्हणून लिहिलं.) कृष्णराजनगरची मंडळी जुन्या सवयीने दुधाची बरणी मागतात आणि कपाळावर हात मारून जातात, पण जाताना एखादी ताटली उलटसुलट करून बघतात. जेवणाच्या काड्या टेकवायचे जे इवलेसे ठोकळे आहेत, ते इथल्या बायकांनी उदबत्तीसाठी नेले. सॉस वाढायच्या बश्या हळदीकुंकवाला गेल्या. पहिले सहा महिने मी प्रत्येकीला खरा उपयोग समजावून सांगत असे. मग एकीने मला शांतपणे विचारलं, की तुमच्या घरात त्या काड्या कोण वापरतं? तेव्हापासून मी सांगणं सोडलं. पिरियापट्टणचे एक तंबाखूवाले शेतकरी आले, बाजूला दांडी असलेली किटली उचलली, पाणी मागून घेतलं आणि बशीत ओतून बघितलं. तोटीखाली एक थेंब ओघळला नाही. “गिंडी चेन्नागिदे,” म्हणाले, म्हणजे झारी उत्तम आहे, आणि घेऊन गेले. माझ्या मते दोन वर्षांत माझा माल खरा ओळखणारा तो एकच माणूस. गोकुळमला योग शिकायला आलेली एक खरीखुरी जपानी मुलगीही आली होती. मी उठून उभा राहिलो. ती सगळं दुकान फिरली, एकेका वस्तूपुढे वाकून हसली, आणि कोपऱ्यात राहून गेलेला बाबांच्या वेळचा स्टीलचा कडीचा डबा घेऊन गेली. एवढ्याने मी खचलो नाही. (त्या दिवशी जेवलो नाही, पण खचलो नाही.)

आता तुझ्या विहीणबाई. जयलक्ष्मीबाईंचा मी आदर करतो. आपल्या अनुषाला त्यांनी लेकीसारखं वागवलं, हे मी कुठेही उभा राहून सांगेन. बोगादीलाच त्यांचं नवं घर झालं आहे, येत्या सतरा तारखेला गृहप्रवेश आहे, पाहुण्यांना द्यायला काहीतरी घ्यायचं म्हणून त्या आपण होऊन माझ्या दुकानात आल्या. आल्या आल्या एकावन्न ताटल्या मागितल्या, सगळ्या एकसारख्या. मी म्हटलं, एकसारख्या पाचच निघतील, तिकडे संच पाचाचाच असतो. “अय्यो गुरुराव, इष्टेना? एवढ्याच? हे दुकान आहे की शोकेस?” हे मी गिळलं. मग त्यांची नजर निळ्या काठाच्या पाच वाट्यांवर गेली आणि एकदम कळी खुलली. गृहप्रवेशाला पाच सवाष्णींची ओटी भरायची आहे, पाच सवाष्णींना पाच वाट्या! हे जपानी लोक आपल्यातलेच दिसतात, पाचाची अक्कल आहे त्यांना, असं म्हणून त्यांनी माझ्या दुकानची आणि जपान देशाची एकदमच स्तुती केली. मी कॉफी मागवली. (स्टीलच्या लोट्यातून. कॉफी मी अजूनही दुसऱ्या कशातून पीत नाही, पण याचा प्रचार करू नकोस.) तोवर सगळं मंगल होतं.

मग त्यांनी पर्समधून एक चिठ्ठी काढली. प्रत्येक वाटीवर घालायचा मजकूर. त्यांचं नाव, यजमानांचं नाव, गृहप्रवेशानिमित्त सप्रेम, तारीख, वार आणि घराचं नाव ‘जयनिलय’. वाटी तळहातात मावणारी. एवढा मजकूर घालायचा तर वाटी संपून खाली बशी जोडावी लागेल, असं मी नम्रपणे म्हणालो. बरं, मग नुसतं नाव घाला, म्हणाल्या. मी म्हटलं, नाव घालत नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांनी माझ्या लग्नातल्या बावीस भांड्यांवर नावं घालून दिली होती. मी म्हटलं, ते स्टील होतं. त्यावर त्यांनी वाटी पालथी केली. खाली कुंभाराची खूण होती, त्याच्या नावाची दोन अक्षरं. “कुंभाराचं नाव चालतं आणि माझं चालत नाही?”

अक्का, प्रश्न बिनतोड होता. अशा वेळी माणसाने कॉफी प्यावी. मी ते केलं नाही. मी म्हणालो, “विहीणबाई, त्याने ती केली आहे. तुम्ही फक्त घेतली आहे.” त्यांच्या नाकातली चमकीसुद्धा हलली. वाट्या काउंटरवर तशाच ठेवून त्या उठल्या, नावं घालून घरी पोचवा, नाही तर गृहप्रवेशाला येऊ नका, असं सांगून बाहेर पडल्या. बाहेर पायरीवर आपले वेंकोजीराव बसलेले. तेच, बाबांच्या काळापासून भांड्यांवर नावं घालणारे. मी स्टील काढल्यावर त्यांचं काम निम्मं झालं, तरी रोज येतात, आसपासच्या दुकानांची नावं घालतात, कुकरच्या दांड्या बसवतात आणि मला एका शब्दाने दोष देत नाहीत, त्यामुळे मला जास्तच दोषी वाटतं. विहीणबाई परत आत आल्या, एक वाटी उचलून त्यांच्यापुढे धरली. वेंकोजीरावांनी तिला नखाने टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि परत दिली. “हे माझ्या मशीनचं काम नाही, बाई. फुटेल ती.” विहीणबाईंना वाटलं मी त्यांना पढवून ठेवलं आहे. घरी जाऊन त्यांनी तुला फोन केला. पुढची अकरा मिनिटं तुला पाठ आहेत.

आता नावांचं. मी नावांचा वैरी आहे असं समजू नकोस. माझ्या घरात डबा उघडण्याआधी वाचायला लागतो. पिठाच्या डब्यावर मामी आहेत, परातीवर तुझं डोहाळजेवण आहे, आणि माझ्या लग्नाची तारीख मला दर वर्षी ताकाच्या पातेल्याच्या काठावर बघून घ्यावी लागते. पण नाव का घालायचं? कार्याला भांडी एकमेकांकडे जायची, सगळी सारखी दिसायची, आपली कुठली हे कळायला नाव. या वाट्या सारख्या नाहीत. पाचही निळ्या, पण एकीचा काठ किंचित झुकलेला, एकीवर रंग दाट उतरलेला, एकीच्या पोटात बोटाचा ठसा राहून गेलेला. आईला आपली पोरं ओळखायला त्यांच्या कपाळावर नाव लिहावं लागत नाही. आजोबांनी रंगवलेल्या लुगड्यावर कुठल्या बाईने ‘माझं नाव छापून द्या’ म्हटलं होतं का? म्हटलं असतं तर आजोबांनी तिला त्याच हौदात बुडवली असती. तेव्हा मी जे बोललो ते खरं बोललो, आणि खऱ्याची माफी मागायची पद्धत आपल्या घरात मी काढणार नाही. हर्षला इथे मोबाइलची कव्हरं विकायची आहेत म्हणे. त्या कव्हरांवर नाव, फोटो, कुलदैवत, सगळं छापून मिळतं. विहीणबाईंची मोठीच सोय होईल. पण ती सोय दुसरीकडे व्हावी. बाबांच्या गादीवर मी बसलो आहे तोवर नाही.

एक बारीक गोष्ट लिहायची राहिली. पाचांतली एक वाटी सध्या फुटलेली आहे. कशी फुटली, हा या पत्राचा विषय नाही. विहीणबाईंना अजून माहीत नाही आणि तूही सांगू नकोस. दुकानात डोकावलेल्या हर्षने तेवढ्यात मोबाइलवर दाखवलं, की जपानात फुटलेली भांडी सोन्याने सांधतात आणि त्यांचा मान उलट वाढतो. मी त्याला म्हटलं, मैसुरात फुटलेलं भांडं फुटलेलंच असतं, आणि फुटकं भांडं सवाष्णीच्या ओटीत घातलं तर सोन्याचाही उपयोग नाही. तशी वाटी दुसरी मिळणार नाही. नव्या जाऊन विचारून आली. त्या म्हाताऱ्या कुंभाराने आता भट्टी लावणं सोडलं आहे. आणि चार सवाष्णी करत नाहीत. एवढं सगळं असूनही माझा निर्णय कायम आहे. भावोजींना नमस्कार, हर्षला आशीर्वाद, पण दुकानाबाहेरून.

तुझा आज्ञाधारक (हा विषय सोडून),
गुरुराव

ता. क. विहीणबाईंना ‘फक्त’ हा शब्द लागला असेल, तर तेवढा मी मागे घेतो. बाकी वाक्य तसंच राहील.

ता. क. २. वाटी कशी फुटली ते लिहिणार नव्हतो, पण मृदुला खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते, तुम्ही लिहा, नाही तर मी फोन करते. शनिवारी वेंकोजीराव जेवायला गेले होते, तेव्हा त्यांचं मशीन मी आत आणलं. नुसतं बघायला. मग मनात आलं, पूर्ण नाव नाही, पण तळाला, कुंभाराच्या खुणेशेजारी, जयलक्ष्मीबाईंचा एक ‘ज’ घातला तर कुणाला दिसणार आहे? त्यांचंही राहील, माझंही राहील. आणि अक्का, ‘ज’ इतका देखणा उमटला! मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तिथे थांबायला हवं होतं. पण नुसता ‘ज’ अर्धवट वाटला, म्हणून पुढे एक टिंब द्यायला गेलो, आणि त्या टिंबाला वाटीचे तीन तुकडे झाले. वेंकोजीराव जेवून आले, तुकडे पाहिले, मशीन उचललं आणि पायरीवर जाऊन बसले. ‘मी सांगितलं होतं’ असं त्यांनी म्हटलं नाही. तू, मृदुला आणि विहीणबाई, तिघींनी त्यांच्यापासून शिकण्यासारखं आहे.

ता. क. ३. म्हणजे मी नाव घालायला तयार झालो होतो असं कृपा करून कुणाला सांगू नकोस. आता वाटीवर काही घालणार नाही. त्याऐवजी प्रत्येक वाटीत हातकागदाची चिठ्ठी ठेवणार आहे, त्यावर विहीणबाईंचं नाव, यजमान, तारीख, वार, ‘जयनिलय’, सगळं मी स्वतः शाईने लिहिणार आहे. याला माफी म्हणत नाहीत. याला सुंदर अक्षर म्हणतात.

ता. क. ४. खरं काम हे. त्या कुंभाराने पाच वाट्यांबरोबर सहावी एक वरची दिली होती. ती मी गेल्या दिवाळीला तुला पाठवली. ‘पोचली’ एवढंच तू कळवलंस. अनुषा म्हणते, तू झोपताना दात काढून त्यात ठेवतेस. मला वाईट वाटलं नाही. (वाटलं. पण नंतर लक्षात आलं, की घरात नावं घातलेली शंभर भांडी असताना, रोज उठल्याबरोबर जी हातात घ्यायची ती तू हीच निवडलीस.) ती वाटी मला हवी आहे. कुरियरवर माझा भरवसा नाही, तू स्वतः घेऊन ये. लिंबू लावून घासून आण. विहीणबाईंनी चार सवाष्णी ठरवल्या आहेत आणि पाचवीच्या जागी तुला धरून ठेवलं आहे. तू माझ्यावर रागावून येणारच नाहीस, अशी त्यांना धास्ती आहे. तेव्हा ये, पाटावर बस, तुझी वाटी त्या तुझ्याच ओटीत घालतील आणि तू ती परत हुबळीला घेऊन जा. त्यांच्या पाच सवाष्णी होतील, माझा शब्द राहील आणि तुझ्या दातांची आबाळ होणार नाही.

मात्र गाडीतून उतरलीस की थेट बोगादीला जाऊ नकोस. आधी दुकानात ये. रिक्षावाल्याला मी सांगून ठेवलं आहे, तो वळसा घालणार नाही. आत आल्यावर पहिली पाच मिनिटं काही बोलू नकोस, नुसती बघ. एवढी वर्षं मी तुझं ऐकत आलो आहे, पाच मिनिटं तू बघ. त्यानंतर किल्ली मागितलीस तर देईन. हर्षच्या हातात नाही. तुझ्या.